आवाज बंद ठेवून सुरू होणारा इंग्रजीचा तास

प्रौढांना इंग्रजी शिकवताना एक विसंगती मला वारंवार दिसत आली. ज्यांचे व्याकरण पक्के आहे, शब्दसंग्रह पुरेसा आहे आणि पाठ्यपुस्तकासोबतच्या ध्वनिफिती ऐकून जे प्रश्नांची उत्तरे बिनचूक देतात, असे विद्यार्थीही प्रत्यक्ष माणसासमोर बसले की त्यांचे संभाषण चार वाक्यांत आटोपते. अडचण बहुधा वाक्यरचनेत नसते. समोरच्याने मध्येच विषय का बदलला, ‘हो’ म्हणताना त्याचा आवाज का उतरला, आपण बोलायला नेमकी कधी सुरुवात करायची, हे त्यांना उमगत नाही. पाठ्यपुस्तकांतील ध्वनिफितींची घडण पाहिली तर यात नवल वाटत नाही. तिथे माणसे एकमेकांची वाक्ये पूर्ण होऊ देतात, कुणी अडखळत नाही आणि प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर मिळते. डेल हाइम्स या अभ्यासकाने १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात संप्रेषणक्षमतेची कल्पना सविस्तर मांडली. केव्हा बोलावे, केव्हा बोलू नये, कुणाशी, कोणत्या विषयावर आणि कशा रीतीने बोलावे, हे ज्ञानही भाषेच्या ज्ञानाचाच भाग आहे, असे त्याचे म्हणणे होते. माझ्या वर्गात नेमका हाच भाग राहून जात होता आणि तो शिकवण्यासाठी मी लघुपटांकडे वळले.

लघुपट निवडण्याचे काम वाटते त्यापेक्षा अधिक वेळ घेते. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या व्याख्येनुसार श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो, पण एका तासाच्या वर्गात चाळीस मिनिटांच्या चित्रपटाचा मला काही उपयोग नाही. एकाच बैठकीत तो निदान तीनदा पाहता आला पाहिजे आणि त्यावर बोलायलाही वेळ उरला पाहिजे, त्यामुळे चार ते आठ मिनिटांचे लघुपट मला सर्वांत सोयीचे वाटतात. लांबीपेक्षा महत्त्वाची असते ती कथेची ठेवण. शेवटच्या क्षणी धक्का देणारे, कलाटणीवर उभे असलेले लघुपट मी जवळजवळ नेहमीच बाजूला ठेवते. ते पाहताना मजा येते, पण नंतरची सगळी चर्चा त्या कलाटणीभोवतीच फिरते आणि माणसे एकमेकांशी कशी वागली याकडे कुणी वळत नाही. निवेदकाच्या आवाजात सगळे समजावून सांगणारे लघुपटही निरुपयोगी, कारण जे विद्यार्थ्यांनी शोधायचे ते निवेदकच सांगून टाकतो. मला हवी असतात दोन माणसे, त्यांच्यातला एक अवघड प्रसंग आणि त्या प्रसंगातून त्यांच्या नात्यात घडणारा लहानसा बदल. परवान्याची खातरजमाही आधीच करावी लागते. ठरावीक अटींवर कृती मोफत वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांखाली अनेक लघुपट खुले झाले आहेत, परंतु त्यांतील काही परवाने मूळ कृतीत बदल करून ती इतरांना देण्यास मनाई करतात. कापलेली किंवा मजकूर जोडलेली प्रत विद्यार्थ्यांना पाठवण्यापूर्वी ती अट पाहून घ्यावी.

ज्या लघुपटावर आम्ही सर्वांत जास्त काम केले, तो अगदी साधा होता. कार्यालय सुटल्यानंतर दोन सहकारी मार्गिकेतल्या कॉफीच्या यंत्रापाशी भेटतात. एक जण काहीतरी सांगतो, दुसरी ऐकते, थोडे बोलते आणि शेवटी पहिला एकटाच निघून जातो. पहिल्यांदा तो मी आवाज पूर्ण बंद ठेवून दाखवला. पाहण्यापूर्वी प्रत्येकाने वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढून डाव्या बाजूला ‘दिसले’ आणि उजव्या बाजूला ‘वाटले’ असे लिहायचे, एवढीच सूचना होती.

सगळ्यांची उजवी बाजू भराभर भरली आणि डावी बहुतेकांची कोरीच राहिली. “ती रागावली आहे,” असे एकाने सांगितले. काय दिसले म्हणून तसे वाटले, असे विचारल्यावर तो थांबला. आम्ही ते दृश्य पुन्हा लावले. तिने कप यंत्रावर ठेवला तेव्हा तिची नजर कपाकडे नव्हती. ती अर्धे पाऊल मागे सरली. तिने दोन्ही हात खिशात घातले. या तीन गोष्टी डाव्या रकान्यात आल्यानंतर उजव्या रकान्यातील ‘राग’ हा शब्द कुणाला पुरेसा वाटेना. एकीला तो राग नसून संकोच वाटला, तर दुसऱ्या एकाला तिला लवकर निघायचे असावे असे वाटले. अंतराबाबत मी थोडी भर घातली. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ च्या आपल्या पुस्तकात माणसे परस्परांत राखत असलेल्या अंतराचे टप्पे मांडले आहेत. सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंतचे अंतर अगदी जवळच्या माणसांचे, तिथून साधारण १.२ मीटरपर्यंतचे ओळखीच्यांचे आणि त्यापुढचे औपचारिक व्यवहाराचे. हे आकडे हॉलने अमेरिकेतील निरीक्षणांवरून दिलेले आहेत आणि ते समाजानुसार बदलतात, हेही त्याच दमात सांगितले. तरीही त्या अर्ध्या पावलाने एक टप्पा ओलांडला गेला होता आणि तो ओलांडताना वर्गातील प्रत्येकाने पाहिला होता.

या रकान्यांनी व्याकरणाचे एक काम अनपेक्षितपणे सोपे केले. ‘मस्ट बी’, ‘माइट बी’, ‘कान्ट बी’ ही अनुमान व्यक्त करणारी रूपे मी पूर्वी कोष्टकातून शिकवत असे. विद्यार्थी ती कोष्टकात बरोबर भरत आणि बोलताना कधीच वापरत नसत. इथे मात्र ती वापरल्याशिवाय भागेना. ‘ती रागावली आहे’ हे ठाम विधान दुसऱ्या कुणाला मान्य नसते, तेव्हा आपल्या अनुमानाची खात्री किती आहे हे सांगावेच लागते, आणि ते सांगण्याचे साधन म्हणजे हीच क्रियापदे. “शी माइट बी अपसेट, बट शी कान्ट बी सरप्राइज्ड,” असे एका विद्यार्थिनीने स्वतःहून म्हटले आणि तिचे कारणही दिले: ऐकताना तिच्या भुवया हलल्याच नव्हत्या, म्हणजे बातमी तिला आधीच ठाऊक असणार. व्याकरण आणि निरीक्षण इतके एकत्र आलेले मी त्याआधी वर्गात क्वचितच पाहिले होते.

चेहरा वाचण्यावर विद्यार्थ्यांचा विश्वास फार वाढू लागला, तेव्हा मी कुलेशोव्हच्या प्रयोगाचा आधार घेतला. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकाच्या सुमारास एका अभिनेत्याच्या निर्विकार चेहऱ्याचे तेच ते चित्रण वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवले आणि मागेपुढे काय दिसते यानुसार प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर वेगवेगळ्या भावना दिसल्या, अशी त्याची हकिकत चित्रपटाच्या अभ्यासात सांगितली जाते. आम्ही लघुपटातील त्या स्त्रीचा चेहरा एका जागी थांबवला आणि वर्गाचे दोन गट केले. एका गटाला त्यापूर्वी रिकाम्या खुर्चीचे छायाचित्र दाखवले, दुसऱ्याला वाढदिवसाच्या केकचे. दोन्ही गटांनी केलेली वर्णने इतकी वेगळी निघाली की पुढे काही समजावून सांगावे लागले नाही. चेहऱ्यावरून निष्कर्ष काढताना आपण त्यात स्वतःचे किती मिसळतो, हे त्यांनी स्वतःच्या वहीत पाहिले.

दुसऱ्यांदा लघुपट आवाजासह लावला, तेव्हा वर्गात आश्चर्याची लाट उसळली. आवाज नसताना बहुतेकांनी ती दोघे प्रेमी आहेत आणि त्यांचे नाते तुटते आहे असे ठरवले होते. प्रत्यक्षात दोघांनी एकाच पदासाठी अर्ज केलेला असतो, ते पद त्याला मिळालेले असते आणि इतर कुणाकडून कळण्याआधी आपणच तिला सांगावे म्हणून तो थांबलेला असतो. कुणाला काहीतरी दुखते आहे, कुणाला बोलणे जड जाते आहे, हे सर्वांनी बरोबर ओळखले होते. काय घडले आहे, हे एकालाही ओळखता आले नव्हते.

याच वेळी एका विद्यार्थ्याने संवाद ९३ टक्के शब्दांविना होतो, हे व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानात ऐकलेले वाक्य सांगितले. हा आकडा इतका पसरला आहे की त्याचे मूळ सांगणे मला आवश्यक वाटले. तो अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधील प्रयोगांवरून आला आहे. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले गेले, चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली गेली आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, एवढेच लोकांना ओळखायचे होते. सात टक्के शब्द, ३८ टक्के स्वर आणि ५५ टक्के चेहरा हे प्रमाण त्या मर्यादेतले आहे. ते सर्व संवादाला लावता येत नाही, असे खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. आमच्याजवळ तर ताजा पुरावा होता. संवादाचा अर्ध्याहून अधिक भाग नुसत्या चेहऱ्यावरून कळत असता, तर आवाज बंद असतानाही आम्हाला ती बातमी थोडीफार तरी कळली असती. भाषा शिकणाऱ्यांना हा आकडा सांगणे मला घातक वाटते, कारण शब्दांवर घेतलेल्या त्यांच्या मेहनतीची किंमतच तो नाकारतो.

तिसऱ्या वेळी आम्ही लघुपट तुकड्यातुकड्यांनी पाहिला, आणि या प्रक्रियेतील सर्वांत मोलाची गोष्ट इथे हाती लागली. तो बातमी सांगतो, ती “दॅट्स ग्रेट. रिअली.” असे म्हणते. शब्दांत अभिनंदन आहे, व्याकरणात खोट नाही, स्वरही बराच सावरलेला आहे. तरी ते अभिनंदन मनापासूनचे नाही असे सर्वांनाच वाटत होते आणि का, हे कुणाला सांगता येत नव्हते. मग एकीने सुचवले की त्याचे वाक्य संपण्याची आणि तिचे सुरू होण्याची वेळ पडद्यावरील घड्याळात पाहू या. मधले अंतर सुमारे दोन सेकंदांचे निघाले. मी त्यांना २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितले. त्यात दहा भाषांतील प्रश्नोत्तरे तपासली गेली आणि भाषाभाषांत थोडा फरक असूनही प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा काळ सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा भरला. नकार किंवा मतभेद साधारणपणे उशिरा येतो आणि होकार लवकर, हेही संभाषणाच्या अभ्यासकांनी दाखवलेले आहे. त्या दोन सेकंदांतच तिचे खरे उत्तर देऊन झाले होते.

यानंतर वर्गात थोडी शांतता पसरली आणि एका विद्यार्थ्याने विचारले, “मग मी शब्द शोधत थांबतो, तेव्हा लोकांना काय वाटत असेल?” हा प्रश्न मी योजला नव्हता आणि पुढचे कित्येक तास आम्ही त्यावरच खर्च केले. परभाषेत बोलणारा माणूस उत्तर देण्यापूर्वी थांबतो तो क्रियापद आठवण्यासाठी, पण ऐकणाऱ्याला तो संकोच, नाराजी किंवा नकार वाटू शकतो. एकीने सांगितले की मुलाखतीत “तुम्हाला प्रवास करावा लागला तर चालेल का” या प्रश्नाला तिने थोडे थांबून “येस, ऑफ कोर्स” असे उत्तर दिले होते आणि समोरच्यांनी “नक्की ना?” असे दोनदा विचारले होते. तिला तेव्हा आपल्या उच्चारात दोष असावा असे वाटले होते. लघुपट पाहिल्यावर तिने त्या प्रसंगाचा वेगळा अर्थ लावला. तो बरोबरच असेल असे मी म्हणणार नाही, पण विचारात घेण्याजोगा नक्कीच आहे.

मायकेल कॅनाल आणि मेरिल स्वेन यांनी १९८० मध्ये संप्रेषणक्षमतेचे घटक मांडताना, अडचण आली असता संभाषण कोसळू न देण्याच्या युक्त्यांना स्वतंत्र स्थान दिले होते. त्या युक्त्या आता आम्ही नव्या गांभीर्याने घेतल्या. “वेल, लेट मी थिंक”, “दॅट्स अ गुड क्वेश्चन”, “आय ॲम ट्राइंग टु फाइंड द राइट वर्ड” ही वाक्ये याआधीही यादीत होती, पण विद्यार्थी त्यांना निरर्थक भरताड समजत. आता त्यांचे काम त्यांना कळले: मी बोलणार आहे, माझी पाळी मी सोडलेली नाही आणि माझ्या थांबण्याचा अर्थ नकार नाही, एवढे ही वाक्ये समोरच्याला वेळेवर कळवतात. आम्ही लघुपटातील तोच प्रसंग जोड्यांनी करून पाहिला. “दॅट्स ग्रेट” हे वाक्य एकदा लगेच, एकदा थांबून, एकदा आधी नजर वळवून म्हणायचे आणि जोडीदाराने त्याला काय वाटले ते सांगायचे. सरावात कंटाळा आला नाही, कारण दर वेळी अर्थ बदलत होता.

त्याच दृश्याच्या शेवटी तो विचारतो, “शुड आय वेट फॉर यू?” आणि ती म्हणते, “आय हॅव अ फ्यू थिंग्ज टु फिनिश.” हे उत्तर हो की नाही, यावर बरीच चर्चा झाली. पॉल ग्राइस या तत्त्ववेत्त्याने १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दाखवले की श्रोता बोलणाऱ्याकडून सहकार्य गृहीत धरतो, आणि उत्तर वरवर विषयाला सोडून वाटले तरी ते विषयाशी जुळवून घेत न बोललेला अर्थ काढतो. विद्यार्थ्यांनी लगेच स्वतःला मिळालेली अशी उत्तरे सांगायला सुरुवात केली, आणि त्यांपैकी काही उत्तरे नकार होती हे त्यांना तेव्हाच कळले.

सबटायटल्सबाबत माझे मत ठाम आहे, पण सर्वांना ते पटत नाही. पहिल्या दोन वेळा मी ती लावत नाही, कारण मजकूर पडद्यावर आला की डोळे खालच्या पट्टीवर खिळतात आणि चेहरे पाहिलेच जात नाहीत. तिसऱ्या वेळी इंग्रजीच सबटायटल्स लावते. ऐकलेला अस्पष्ट ध्वनी आणि लिहिलेला शब्द यांची सांगड त्यामुळे बसते. मातृभाषेतील सबटायटल्स मी टाळते. ज्यांना ऐकून फारसे समजत नाही, त्यांना मात्र दुसऱ्या वेळेपूर्वी लिहिलेले संवाद हातात देते, नाहीतर ती मंडळी तासभर नुसती बसून राहतात.

एक सावधगिरी विद्यार्थ्यांनाही वारंवार सांगावी लागते. लघुपटातील संभाषण लिहिलेले, बसवलेले आणि कापून नीटनेटके केलेले असते. तिथे दोन सेकंदांचा विराम दिग्दर्शकाने ठरवून ठेवलेला असतो. शिवाय इंग्रजी बोलणारे जगात इतके आणि इतक्या प्रकारचे आहेत की एका लघुपटातील वागणुकीवरून ‘इंग्रजी बोलणारे असे वागतात’ असा नियम काढणे चुकीचे ठरते. डोळ्याला डोळा भिडवण्याबद्दल आमच्या वर्गातच तीन मते होती.

शेवटच्या टप्प्यात विद्यार्थ्यांनी स्वतः लघुपट केले. त्यासाठी मी एक जुनी मर्यादा उसनी घेतली. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून दाखवलेले पहिले चित्रपट प्रत्येकी सुमारे ५० सेकंदांचे होते आणि कॅमेरा एका जागी ठेवून सलग घेतलेले होते. आम्हीही तेच केले: एक जागा, न हलणारा मोबाइल, एकच सलग चित्रण, ५० सेकंद, दोन पात्रे, एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवे आहे, पण ते त्याने थेट मागायचे नाही. कापाकापीची सोय नसल्यामुळे एखादी पाळी चुकली की सगळे पुन्हा घ्यावे लागे, आणि त्यामुळे तेच वाक्य विद्यार्थी दर वेळी अधिक विचारपूर्वक म्हणत. चित्रण कुठेही प्रसारित करायचे नाही आणि प्रत्येकाची संमती घ्यायची, हे आधीच ठरले होते.

या कामातली सर्वांत खरी इंग्रजी कॅमेऱ्यासमोर नव्हे, तर कॅमेऱ्यामागे बोलली गेली. वर्गात सहसा गप्प राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने अभिनय नको म्हणून दिग्दर्शन मागून घेतले. त्याला दोन सहकाऱ्यांना जवळ उभे राहायला, हळू बोलायला, पुन्हा करायला सांगावे लागले, आणि तेही ते दुखावणार नाहीत अशा रीतीने. सुरुवातीला तो “स्टँड हिअर” असे म्हणत होता. थोड्या वेळाने “कुड यू स्टँड अ बिट क्लोजर?” वर आला, आणि तिसऱ्या चित्रणानंतर “आय लाइक्ड इट, बट कॅन वी ट्राय वन विथ अ लाँगर पॉज?” असे म्हणाला. सूचनेआधी दाद देणे आणि ‘यू’ऐवजी ‘वी’ म्हणणे मी त्याला शिकवले नव्हते. समोरच्यांचे चेहरे पाहून त्याने आपले बोलणे बदलत नेले.

गुण देण्याची पद्धत मात्र अजून पक्की बसलेली नाही. भाषा किती येते याचे टप्पे ठरवणाऱ्या युरोपीय भाषा-चौकटीच्या २००१ च्या आवृत्तीत परस्परसंवादाचे निकष आहेत आणि २०२० च्या पूरक खंडात ते अधिक विस्तारले आहेत. त्यांचा आधार घेऊन मी सध्या एकच गोष्ट प्रामुख्याने तपासते: बोलणाऱ्याचे दुसरे वाक्य समोरच्याच्या पहिल्या वाक्याला धरून आले का. आता मी तीन पात्रांचे लघुपट शोधते आहे. दोघांत पाळी कुणाची हे ठरलेले असते. तिघांत ती पकडावी लागते, आणि माझे बरेच विद्यार्थी गटात बोलताना तिथेच मागे राहतात. चांगले दृश्य अद्याप मिळालेले नाही, कारण बहुतेक लघुपटांत तिसरे माणूस फक्त ऐकण्यापुरते असते.